बिऱ्हाड यंत्राने मोजावे, पण उत्तर माणसाने द्यावे

आपल्या पत्रिकेत टेम्पो, हमाल आणि मुकादम हा विषय कशाला, असे काही वाचक विचारतील. राजकारणाच्या पत्रिकेत राजकारण असावे हे आम्हालाही मान्य आहे. परंतु सुरतेत मराठी माणसाचे राजकारण नेहमी पोटापाण्याच्या प्रश्नांवरूनच उभे राहिले आहे, आणि सामान हलवण्याच्या धंद्यात आपला समाज दोन्ही टोकांना उभा आहे. एका टोकाला आपली जुनी स्थायिक घराणी. काही गायकवाडी अमलात सोनगड-नवसारीच्या बाजूने आलेली, काही १९०० च्या सुमारास तापी व्हॅली रेल्वे अमळनेरपर्यंत पोहोचल्यावर खानदेशातून उतरलेली. या घरांतील मंडळी आता गोपीपुरा, अंबाजी रोड, सगरामपुरा येथील जुनी घरे सोडून अडाजण, पाल, वेसू, डिंडोली येथे फ्लॅटमध्ये जात आहेत. मुले पुण्याला नोकरीला लागली की आईवडिलांचे बिऱ्हाडही तिकडे हलते. दुसऱ्या टोकाला लिंबायत, उधना, नवागाम, पांडेसरा, गोडादरा येथील आपलीच मुले, जी टेम्पो चालवतात, पाठीवर फ्रीज घेऊन चार जिने चढतात, रिंग रोडच्या कापड बाजारात पार्सले उचलतात. या दोघांच्या मध्ये आता मोबाइलमधील एक यंत्र येऊन बसले आहे. त्याविषयी समाजाचे काही मत असायला हवे.

यंत्र म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण घरातील वडीलधाऱ्यांना हा प्रकार नवा असेल. पूर्वी सामान हलवायचे म्हटले की ओळखीचा मुकादम घरी येई, खोल्या फिरून बघे, दोन वेळा मान हलवे, चहा पिई आणि आकडा सांगे. मग घासाघीस. आता ग्राहकाने मोबाइल घेऊन घरभर फिरून चित्रफीत काढायची. संगणकातील कृत्रिम बुद्धिमत्ता त्यातून पलंग, कपाटे, खुर्च्या, खोकी ओळखते, त्यांचे घनफूट काढते, किती मोठी गाडी व किती माणसे लागतील ते ठरवते. अमेरिकेत येम्बो नावाची कंपनी २०१६ पासून याच कामात आहे. आपल्याकडे पोर्टर ही कंपनी २०१४ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यासारख्या कंपन्यांमुळे मोबाइलवरून टेम्पो मागवणे शहरांत अंगवळणी पडले. कोणती गाडी कोणाला द्यायची, भाडे किती लावायचे, कोणत्या रस्त्याने जायचे आणि कोणत्या चालकाला उद्या काम द्यायचे नाही, हेही बऱ्याच अंशी आता गणितच ठरवते.

यातील चांगले ते आधी कबूल केले पाहिजे. जुन्या मुकादमांच्या आठवणीने गहिवरून जाणाऱ्यांपैकी आम्ही नाही. माणूस म्हटला की लबाडीही आली. घरी एकटी बाई आहे असे पाहून आकडा दीडपट करणारे मुकादम आपण सर्वांनी पाहिले आहेत. गाडी अर्ध्या वाटेत उभी करून 'आणखी तीन हजार द्या, नाहीतर सामान गोदामात' असे म्हणणाऱ्या टोळ्यांच्या तक्रारी तर देशभर आहेत. महाराष्ट्रात सामान कोणीही उतरवले तरी वाराई मागणारे लोक नाक्यावर उभे राहत, त्याचा त्रास पुण्या-मुंबईला बिऱ्हाड नेलेल्या कित्येकांनी भोगला. यंत्र निदान आकडा आधी दाखवते, तो सर्वांना दिसतो, गाडी कुठे आहे ते कळते. रिकामी परतणारी गाडी दुसऱ्या ग्राहकाला जोडून दिली तर डिझेल वाचते आणि चालकाला दोन पैसे जास्त मिळतात. हे फायदे कोणी नाकारू नयेत.

पण बिऱ्हाड म्हणजे केवळ घनफूट नसते. आपल्या जुन्या शहरातील घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. गल्ली एवढी अरुंद की टेम्पो तोंडाशीच थांबतो. आत लाकडी जिना, शिडीसारखा उभा, मधल्या वळणावर एक माणूस तिरका होऊनच जाऊ शकतो. अशा घरात आजोबांच्या वेळचे शिसवी कपाट वरच्या मजल्यावर असते. ते जिन्याने कधी वर गेलेलेच नसते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी खिडकीची चौकट काढून दोरखंडाने वर घेतलेले असते. चित्रफितीत कपाट दिसते, त्याची उंची-रुंदी यंत्र बरोबर सांगते, पण ते आत कसे आले हे यंत्राला कोण सांगणार? जाणता मुकादम जिन्याच्या वळणावर नुसता हात टेकवतो आणि म्हणतो, "काकू, हे इथून उतरायचे नाही. खिडकीचे गज कापावे लागतील, सुतार बोलवा आणि खाली दोन माणसे जास्त ठेवा." या एका वाक्यात पंचवीस वर्षांचा अनुभव असतो. ते वाक्य आदल्या दिवशी बोलले गेले तर काम दोन तासांत होते. ते न बोलता गाडी दारात आली तर दिवसभर वाद होतो, आणि त्या वादात कपाटाचा पाय मोडतो किंवा हमालाची कंबर.

माळ्यावरच्या सामानाचेही तसेच. चित्रफीत काढणारा माळा दाखवत नाही, कारण त्याचीच तो बघण्याची इच्छा नसते. तांब्या-पितळेचे हंडे, घंगाळे, पाटा-वरवंटा, जाते, लग्नात आलेले आणि कधी न उघडलेले डबे, मुलांच्या दहावीच्या वह्या, हे सगळे ऐन वेळी खाली येते. यंत्राने छोटा टेम्पो सांगितलेला असतो. मग चालक म्हणतो दुसरी फेरी करावी लागेल, ग्राहक म्हणतो भाडे तर ठरले आहे, आणि दोघेही मोबाइलकडे बघतात. मुकादम घरात शिरल्यावर आधी वर बघतो. आणि देव्हारा? तो खोक्यात भरायचा की घरच्या बाईने देव मांडीवर घेऊन रिक्षाने जायचे, हे विचारायचे भान माणसालाच असते. ही भाबडी गोष्ट आहे असे कोणाला वाटेल. पण आपल्या घरात सामान हलवण्याच्या दिवशी सर्वांत मोठे भांडण कशावरून होते ते आठवून पाहावे.

भाड्याच्या गणिताचे एक उदाहरण आम्हाला फार बोलके वाटते. यंत्र मागील वर्षांच्या आकड्यांवरून शिकते. गेल्या वर्षी अमुक तारखेला मागणी वाढली होती, तर यंदाही वाढेल, असा त्याचा हिशेब. पण आपला समाज नव्या घरात इंग्रजी तारखेने जात नाही. पाडवा, आखाजी, दसरा या दिवशी टेम्पो मिळत नाही आणि पितृपक्षात रिकामे उभे राहतात. त्यात अधिक मास. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, तोही १७ मे ते १५ जून या काळात, म्हणजे शाळेच्या सुटीत, जेव्हा एरवी सर्वाधिक बिऱ्हाडे हलतात. जुना धंदेवाला पंचांग भिंतीवर टांगतो आणि या महिन्यात गाड्या दुरुस्तीला लावतो. यंत्रालाही पंचांग शिकवता येईल, आमचे काही म्हणणे नाही. पण शिकवायला पंचांग माहीत असलेला माणूस तेथे बसलेला हवा, आणि त्याचे ऐकले गेले पाहिजे.

रस्त्याचेही तेच. नकाशावर लिंबायतचे गरनाळे हा जवळचा मार्ग असतो. पावसाळ्यात तेथे किती वेळात पाणी भरते आणि सामानाने उंच झालेली गाडी त्याखालून जाईल की नाही, हे लिंबायतचा चालक झोपेतही सांगेल. खाडीला पूर आला की परवत पाटियाच्या कोणत्या सोसायट्यांत तळमजल्यावर सामान उतरवू नये, हेही त्यालाच ठाऊक. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचे पाणी शहरात शिरले तेव्हा ज्यांनी तळमजल्यावरची घरे धुतली, ते आजही नवे घर बघताना आधी पुराची खूण विचारतात. चालकाने मोबाइलने सांगितलेला मार्ग सोडला तर त्याच्या नावापुढे दोष नोंदवला जाऊ नये, एवढीच आमची अपेक्षा आहे. ज्याला रस्ता माहीत आहे त्याला रस्ता बदलण्याबद्दल शिक्षा, असा कारभार कोणत्याही धंद्यात शहाणपणाचा नव्हे.

सुरतेला हे नवे नाही, हेही सांगितले पाहिजे. हिऱ्याच्या धंद्यात इस्रायलच्या सरीन कंपनीची गॅलेक्सी यंत्रे आली. कच्च्या हिऱ्याच्या पोटातील डाग ती दाखवतात आणि तो कसा कापावा याचे अनेक पर्याय मांडतात. त्यामुळे काम बदलले, काहींचे गेलेही. पण महागड्या कच्च्या मालावर कोणता पर्याय घ्यायचा हा शेवटचा शब्द अनुभवी माणसाचा असतो, कारण चूक झाली तर मालक त्यालाच विचारणार आहे. लाखाच्या हिऱ्याबाबत जी काळजी हे शहर घेते, ती एका कुटुंबाच्या आयुष्यभराच्या सामानाबाबत का घेऊ नये?

आता मुद्द्याच्या गाभ्याकडे येतो. यंत्र चुकले तर उत्तर कोण देणार? समजा, वाटेत कपाटाची काच फुटली किंवा दोन खोकी कमी आली. ग्राहक कंपनीला फोन लावतो. फोनवर यंत्रच बोलते, एक दाबा, दोन दाबा. शेवटी लेखी उत्तर येते की आम्ही फक्त ग्राहक आणि वाहतूकदार यांना जोडून देणारे मध्यस्थ आहोत. चालक म्हणतो, मला कंपनीने पाठवले. हमाल तर त्याच सकाळी नाक्यावरून घेतलेले. अटी इंग्रजीत, बारीक अक्षरांत, आणि सामान देताना आपण 'मान्य आहे' असे बोट ठेवून मोकळे झालेलो असतो.

कायदा मात्र इतका दुबळा नाही. २००७ चा रस्ता वाहतूक कायदा, जो १८६५ च्या जुन्या कायद्याच्या जागी आला आणि २०११ पासून अमलात आहे, असे सांगतो की सर्वांसाठी भाड्याने माल नेणाऱ्याने नोंदणी केलेली असली पाहिजे. माल स्वतःच्या गाडीने नेणारेच नव्हेत, तर पावतीवर माल गोळा करणारे, साठवणारे आणि पुढे पाठवणारेही त्या व्याख्येत येतात. त्याच कायद्याखालील नियमांप्रमाणे नुकसानीची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत असते. आपण मालाची किंमत जास्त लिहून दिली आणि जास्त जोखमीचा दर भरला तर गोष्ट वेगळी. म्हणजे भाडे बारा हजार असेल तर मर्यादा एक लाख वीस हजार. घरात शिसवी सामान, मोठा टीव्ही, चांदीची भांडी असतील तर एवढ्याने भागणार नाही, हे बिल्टी करतानाच ओळखायला हवे. दुसरी अट अधिक महत्त्वाची. नुकसानीचा दावा लावायचा तर माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. मोबाइलवर तीन महिने तक्रार-तक्रार खेळत बसलेल्या कुटुंबाची निम्मी मुदत तेथेच संपते. ग्राहक मदतीसाठी १९१५ हा सरकारी क्रमांक आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगाकडे आपण राहतो त्या ठिकाणी तक्रार करता येते. पुण्याला सामान पोहोचले म्हणून कंपनीच्या मुख्य कार्यालयाच्या गावी खेटे घालण्याचे कारण नाही.

हे झाले ग्राहकाचे. चालकाचे दुखणे याहून खोल आहे, आणि त्याबद्दल आपल्या जुन्या घरांत फारसे बोलले जात नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. हप्त्यावर छोटा हत्ती घेतलेला मुलगा सकाळी मोबाइल उघडतो आणि त्याचे खाते बंद झालेले असते. कारण कळत नाही. कदाचित कोणी एक तारा दिला असेल, कदाचित त्याने गरनाळे टाळून लांबचा रस्ता घेतला असेल, कदाचित चौथ्या मजल्यावर एकट्याने कपाट चढवायला नकार दिला असेल. बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. पूर्वी मुकादमाने काम काढले तर त्याच्या दारात जाऊन भांडता येत होते, मध्यस्थी करायला कोणी शेजारी, कोणी नगरसेवक सापडत होता. गणिताच्या दारात कोण जाणार?

सामाजिक सुरक्षेची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात अशा कामगारांची व्याख्या आली, मालवाहतूक करणाऱ्या कंपन्यांचा समावेश झाला आणि त्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम कामगारांच्या कल्याणासाठी द्यावी, असे ठरले. हे पाऊल चांगले आहे. पण यंत्राने एखाद्याचे काम काढून घेतले तर त्याला कारण कळले पाहिजे, याबाबत ती संहिता गप्प आहे. कर्नाटकाने २०२५ मध्ये वेगळा कायदा करून ही उणीव भरली. तेथे लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना दिल्याशिवाय कामावरून काढता येत नाही, आणि शंका विचारण्यासाठी हाडामांसाचा माणूस उपलब्ध ठेवावा लागतो. राजस्थानाने २०२३ मध्येच कल्याण मंडळाचा कायदा केला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये काढलेल्या निर्देशात यंत्राच्या निर्णयांवर माणसाची देखरेख बंधनकारक केली. नेदरलँड्समध्ये ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये उबरच्या चालकांच्या प्रकरणात असे म्हटले की काढून टाकण्याच्या निर्णयात माणसाचा सहभाग होता असे कंपनी सांगते खरे, पण तो जवळपास नावापुरताच होता. हा शेरा आम्ही मुद्दाम सांगतो आहोत. उद्या सुरतेतही कंपन्या म्हणतील की आमच्याकडे माणूस आहे. तो माणूस यंत्राचा निर्णय फिरवू शकतो का, हे विचारायला हवे. ज्याला 'नाही' म्हणण्याचा अधिकार नाही तो केवळ शिक्का मारणारा आहे.

गुजरातला यासाठी फार दूर बघायचीही गरज नाही. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला, आणि त्याच धर्तीवर असंरक्षित श्रमजीवी कामगारांचा कायदा गुजरातनेही १९७९ मध्ये केला. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला मंडळ असावे, नोंद असावी, भविष्यनिधी असावा, हे तत्त्व या राज्याने तेव्हाच मान्य केले आहे. त्या तत्त्वाला मोबाइलवरून मिळणारे ओझे लागू करायचे, एवढेच काम उरले आहे. ओझ्याचेच घ्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये शिफारस केली की एका प्रौढ पुरुषाने ५५ किलोपेक्षा जास्त वजन हाताने वाहू नये. आपल्या कापड बाजारात पार्सल किती किलोचे असावे यावरून अलीकडच्या वर्षांत मजूर आणि व्यापारी यांचे वाद झाले ते उगाच नाही. यंत्र वजनाचा अंदाज करू शकते. मग ज्या सामानाला दोन माणसे लागतात तेथे एक माणूस पाठवण्याचा पर्यायच त्याने दाखवू नये, हे त्याला शिकवणे अवघड नाही. स्वस्त भाड्याच्या स्पर्धेत ते शिकवले जात नाही, इतकेच. आणि या ठिकाणी आपण ग्राहकही निर्दोष नाही. दोनशे रुपये वाचावेत म्हणून 'एकच हमाल' हे बटण आपणच दाबतो.

काही उद्योजक मित्र म्हणतात, प्रत्येक कामात माणूस घालायचा तर स्वस्ताई कुठली? हा प्रश्न रास्त आहे. एक खोली, चार खोकी, एक गादी हलवायची असेल तर मुकादमाने घरी येण्याची काहीच गरज नाही. यंत्राने आकडा सांगावा आणि काम व्हावे. पण तीन खोल्यांचे घर, जिना अरुंद, सामान जुने, किंवा घरात म्हातारे माणूस आजारी, अशा ठिकाणी गाडी भरण्याआधी माणसाने बघितलेच पाहिजे आणि आकड्यावर त्याची सही पाहिजे. कोणते काम कोणत्या प्रकारचे हे निवडण्यात यंत्राची मदत होईल. खर्चाचे म्हणाल तर एका फुटलेल्या कपाटाचा आणि एका मोडलेल्या कमरेचा खर्च आज कोणीतरी देतोच आहे. तो कंपनीच्या हिशेबात दिसत नाही, कारण तो उधन्याच्या चाळीत किंवा पालच्या फ्लॅटमध्ये दिला जातो.

या विषयावर आम्ही एक निवेदन तयार करीत आहोत आणि ते लिंबायत, उधना, चोर्यासी व शहराच्या पश्चिम भागातील आमदारांना, तसेच सर्व पक्षांच्या मराठी नगरसेवकांना देणार आहोत. मते मागायला दारात येताना मराठीत बोलणाऱ्यांनी याही विषयावर मराठीत उत्तर द्यावे. आमचे मागणे असे की कर्नाटकाप्रमाणे गुजरातनेही लेखी कारण आणि पूर्वसूचनेचा नियम करावा, घरसामान हलवणाऱ्या प्रत्येक कंपनीने बिल्टीवर आपला वाहतूक नोंदणी क्रमांक आणि निर्णय बदलू शकणाऱ्या जबाबदार माणसाचे नाव व क्रमांक छापावा, आणि अटी गुजरातीत व मराठीतही द्याव्यात. ज्या शहरात महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, तेथे ही मागणी जगावेगळी नाही.

ज्या वाचकांना गेल्या दोन वर्षांत असा अनुभव आला असेल, मग तो ग्राहक म्हणून असो वा चालक-हमाल म्हणून, त्यांनी बिल्टीची किंवा मोबाइलवरील पावतीची नक्कल आणि खाते बंद झाल्याचा संदेश असल्यास त्याचा कागद मंडळाच्या कार्यालयात आणून द्यावा. ज्यांच्या नुकसानीला अजून १८० दिवस झालेले नाहीत त्यांनी आधी यावे. नोटिशीचा मसुदा आम्ही गुजरातीत करून ठेवला आहे.